शरणागतीचा मान

दुसऱ्याला इजा करू शकेल अशी विद्या शिकणे नीतीला धरून आहे काय? कराटे, ज्युदो यांचे वर्ग आता शहरांबरोबर गावोगावीही भरू लागले आहेत. मुलामुलींना तेथे धाडणारे आईवडील सहसा दोन कारणे सांगतात : शरीर कमावले जाते आणि प्रसंगी स्वतःचे रक्षण करता येते. दोन्ही कारणे रास्त आहेत. परंतु आमच्या मते या विद्येतील खरा नैतिक प्रश्न निराळाच आहे. गुंडाशी गाठ कदाचित जन्मात पडणार नाही. सरावातल्या जोडीदाराची मान मात्र रोज आपल्या हाती येते. तिचे आपण काय करतो?

ज्युदोचे उदाहरण घेऊ. जिगोरो कानो या तरुण शिक्षकाने १८८२ साली तोक्योतील एइशोजी या बौद्ध मंदिरात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत, कोदोकान ही आपली शाळा सुरू केली. जुजुत्सू या जुन्या युद्धविद्येतील घातक प्रहार त्यांनी मुक्त सरावातून वगळले आणि पूर्ण जोर लावूनही दोघे सुखरूप घरी जातील अशी रचना केली. पुढे त्यांनी आपल्या शिकवणुकीचे सार दोन तत्त्वांत सांगितले. पहिले, शक्तीचा उत्तम उपयोग; दुसरे, स्वतःचे आणि दुसऱ्याचे परस्पर कल्याण. हे दुसरे तत्त्व वरवर भाबडे वाटेल, पण ते व्यवहाराचेच आहे. जोडीदार पडायला तयार झाला नाही, तर आपल्याला एकही डाव शिकता येणार नाही. तो जायबंदी झाला, तर उद्या आपण कोणाबरोबर शिकणार?

हे ध्यानी घेतले म्हणजे तेथील शिष्टाचाराचा उलगडा होतो. नखे कापलेली हवीत, अंगठी, साखळी, कडे काढून ठेवलेले हवे, पोशाख धुतलेला हवा, पायताणे गादीबाहेर उतरवलेली हवीत. नखाने दुसऱ्याचे कातडे सोलते, कड्यात दुसऱ्याचे बोट अडकते, मळक्या कपड्यातून त्वचारोग पसरतो. सराव सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर दोघे एकमेकांना लवून नमन करतात. काही पालकांना या नमनाविषयी शंका वाटते. आम्ही एवढेच म्हणू की ते पूजन नव्हे, ती रीत आहे. आपल्या तालमीतही पैलवान मातीला हात लावून कपाळी नेतो आणि हात मिळवूनच कुस्तीला भिडतो. या रीतीचा अर्थ असा, की माझे शरीर मी काही क्षण तुझ्या हाती ठेव म्हणून देत आहे आणि तुझे मी ठेव म्हणून घेत आहे. ठेव जशी घेतली तशीच परत करायची असते.

ज्युदोत आधी शिकवतात ते पडणे. हनुवटी छातीकडे ओढून घ्यावी, डोके टेकू देऊ नये, तळहात व बाहू गादीवर आपटून पडण्याचा जोर पसरू द्यावा. पाडणाऱ्याचेही कर्तव्य असते : जोडीदाराची बाही त्याने सोडायची नाही, शेवटच्या क्षणी त्याला वर ओढून धरायचे. गळ्याची किंवा कोपराची पकड सोसवेनाशी झाली की पकडीतील माणूस हाताने दोनदा थापटतो. तत्क्षणी पकड सुटलीच पाहिजे. आणखी क्षणभर नाही, गंमत म्हणूनही नाही. गळ्याची पकड काही सेकंदांत शुद्ध हरपवू शकते. अशी शरणागती पत्करणाऱ्याला कोणी हसत नाही. दोघे पुन्हा उभे राहतात आणि सराव पुढे चालतो.

येथे कोणी म्हणेल, दोघेही स्वखुशीने आले आहेत. धोका ठाऊक असून उतरले, तर इजेचा दोष कोणाला? हा युक्तिवाद आम्हास पटत नाही. जपानमधील शाळांत १९८३ ते २०१० या काळात ज्युदोच्या सरावात शंभराहून अधिक विद्यार्थी मृत्यू पावले. त्यांत डोक्याला मार लागलेले पुष्कळ होते आणि अनेक जण नवशिके होते. ही मुलेही रोज नमन करीत होती, त्यांनाही थापटून थांबवण्याची मुभा होती. परंतु बारा-तेरा वर्षांच्या, थकलेल्या मुलाला वरच्या वर्गातील मुलांदेखत ‘पुरे’ म्हणण्याचे धैर्य होते काय? २०१३ साली त्या देशाच्या महिला संघाच्या प्रशिक्षकाला मारहाणीच्या तक्रारींमुळे पद सोडावे लागले. तक्रार करणाऱ्या पंधरा जणी देशातील अव्वल खेळाडू होत्या. अव्वल खेळाडूंनाही आपले म्हणणे मांडण्यासाठी एकजूट करावी लागली, तेथे लेकराची काय कथा? २०२२ साली जपानच्या ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळेतील मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली. कोणत्याही किमतीवर जिंकण्याचा मोठ्यांचा हव्यास हे त्यामागचे कारण होते.

तात्पर्य, संमतीने दुसऱ्याचे कर्तव्य संपत नाही, ते तेथे सुरू होते. आणि ते दोघांवर सारखे नसते. जो बलवान, जो अनुभवी, ज्याच्या हाती शिट्टी, त्याच्यावर ते अधिक. थापटल्यावर सोडणे हा झाला नियम. समोरचा लाजेखातर थापटत नाही हे ओळखून आधीच सोडणे, ही झाली नीती. नमन केले पण दया नसली, तर तो शिष्टाचार पोकळ होय.

म्हणून पालकांनी वर्ग निवडताना पदकांच्या कपाटाकडे पाहून भुलू नये. पाडण्याआधी पडणे शिकवतात काय? वजन आणि वय पाहून जोड्या लावतात काय? डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी सरावातून बाजूला काढून डॉक्टरांकडे धाडतात काय? ‘दुखतंय’ म्हणणाऱ्या मुलाची टिंगल होते की विचारपूस? एखादी मुलगी ‘मला हा डाव नको’ म्हणाली, तर तिचे ऐकले जाते काय? गुरुजी स्वतः नवशिक्याबरोबर सराव करताना आपला जोर आवरतात काय? तास-दोन तास कोपऱ्यात बसून पाहिले तरी याची बहुतेक उत्तरे मिळतात.

आणि आपणही घरी थोडे सावध असावे. मूल वर्गावरून परतले की ‘आज कोणाला आपटलंस?’ असे आपण कौतुकाने विचारतो. त्याऐवजी ‘आज कोणी थांब म्हटलं का? तू लगेच थांबलास ना?’ असे विचारून पाहावे. दुसऱ्याच्या एका खुणेवर आपले बळ आवरायला शिकलेले मूल पुढे संसारात, कचेरीत, पंचायतीत आपल्याहून दुबळ्यांशी कसे वागेल, याची चिंता आईवडिलांना फारशी करावी लागणार नाही.