आठवा वाटेकरी

विसरवाडीहून समुद्र दूर. सुरत-धुळे महामार्गावरच्या या गावाला मासळी भेटते ती सुक्या बोंबलाच्या रूपात, नाहीतर उकाई धरणाच्या फुगवट्यातली, गोड्या पाण्यातली. मग सातपाटी किंवा रत्नागिरीच्या बंदरात काय आणि किती मारलं जातं, त्याचं पाप इथल्या माणसाला का लागावं?

प्रश्न जुना आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात हिंसेचे वाटेकरी मोजले आहेत: अनुमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा. आठही जणांना एकच नाव, घातक. बौद्ध विनयाने भिक्षूला सवलत दिली. आपल्यासाठी मारताना पाहिलं नाही, ऐकलं नाही, तशी शंकाही नाही, तर पात्रात पडलेलं मांस चालतं. पण भिक्षू मागणी नोंदवत नाही. गिऱ्हाईक नोंदवतं.

यंत्रयुगाने ही सवलत सगळ्यांनाच फुकट वाटली. केरळच्या किनाऱ्यावर 1953 मध्ये भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला, यांत्रिक बोटी आल्या आणि पुढे कोळंबीला परदेशी बाजार मिळाला. सागरी उत्पादनांच्या निर्यातीसाठी 1972 मध्ये केंद्राने स्वतंत्र प्राधिकरण नेमलं. ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर पिल्लंही येतात. विकण्याजोगं नसतं त्यातलं बरंच फिशमीलच्या कारखान्यात जातं. फिशमील कोंबड्यांच्या खाद्यात वापरतात. विसरवाडी ज्या नवापूर तालुक्यात आहे, तो कुक्कुटपालनासाठी प्रसिद्ध. 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच सापडला होता. म्हणजे ज्याने आयुष्यात पापलेट चाखलं नाही, त्याच्या ताटातल्या कोंबडीतही समुद्राचा अंश असू शकतो. पाहिलं नाही, ऐकलं नाही, शंकाही आली नाही!

महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध इथे उपयोगी पडतो. मिथिलेतला हा मांसविक्रेता कौशिक ब्राह्मणाला सांगतो, नांगराखालीही जीव मरतात, धान्यातही जीव आहे, पूर्ण अहिंसक कोणीच नाही. मात्र तो स्वतः प्राणी मारत नाही आणि मांस खात नाही. हिंसा अटळ आहे असं म्हणणाराच स्वतःला मर्यादा घालून घेतो.

कोळ्यांची मर्यादा नारळी पौर्णिमेला बांधलेली होती: पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला, दर्याला नारळ वाहिल्यावरच मासेमारी. आता पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची सरकारी बंदी आहे, आणि पौर्णिमा बहुधा त्यानंतर येते. 2023 मध्ये पापलेट राज्यमासा ठरला. त्याच वर्षी 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवण्यात आला. त्याहून लहान मासा पकडायचा नाही.

नारळ मात्र आठांपैकी एकटा मारणाराच वाहतो. बाकी सातांना समुद्रापुढे उभंच राहावं लागत नाही. त्यातही खाणाऱ्याची अडचण खरी आहे: कोंबडीच्या खाद्यातलं पिल्लू किती लांबीचं होतं, हे विसरवाडीत कोणी मोजणार कसं? म्हणून यादीतल्या पहिल्या नावाकडे वळावं लागतं. अनुमती देणारं आज सरकार आहे: बोटीला परवाना तेच देतं, डिझेलवरच्या कराचा परतावाही तेच देतं. ते सरकार निवडायला विसरवाडीही रांगेत असते, आणि त्या दिवशी आठवा वाटेकरी पहिल्याच्या जागी उभा असतो.