मांगवाड्यातला कागद

गोष्टीतली माणसं मी रचलेली आहेत. मुलूख, काळ आणि तेव्हाची रीतभात मात्र खरी.

साल 1861, महिना माघ. अमेरिकेहून आलेला एक तरुण मिशनरी नगरात वर्षभर मराठी शिकत होता. अमेरिकन मराठी मिशनचं ते मोठं ठाणं. त्या मिशनची पहिली माणसं 1813 मध्ये मुंबईत उतरली होती, 1831 मध्ये त्यांनी नगरला बस्तान मांडलं आणि 1842 मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ काढला. सिंथिया फॅरारबाईंची मुलींची शाळा नगरचीच. जोतीराव फुल्यांनी ती पाहिली होती, आणि मग 1848 मध्ये पुण्यात आपली शाळा उघडली. आपल्या आधीच्यांनी एवढं करून ठेवलेलं पाहून तरुण मन पेटतं. त्यातून या मुलानं त्या पहिल्या माणसांपैकी एक, गॉर्डन हॉल, यांची कथा लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेली. हॉल 1826 मध्ये नाशिकच्या बाजूला गावोगाव पुस्तकं वाटत फिरत होते. पटकी झाली आणि वाटेतच वारले. आपलं आयुष्यही असंच कामी यावं, असं त्याला मनापासून वाटे. त्याची तळमळ खरी होती.

थोरल्या साहेबांनी त्याला पहिली फिरती नेमून दिली. मुळा नदीपलीकडची काही गावं, जिथं मिशनचं जाणंयेणं जवळजवळ नव्हतंच. मुदत एक आठवडा. सोबतीला एक वयस्क देशी उपदेशक दिला. हा जन्मानं महार. पूर्वी महारवाड्यातल्या शाळेत शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. तरुण साहेबाजवळ एक वही होती. तिच्यात तीन रकाने आखलेले: गाव, श्रोते, वाटलेली पुस्तकं. अशा आकड्यांवरूनच वर्षाचा अहवाल तयार होई आणि मिशनच्या वरिष्ठांकडे बोस्टनला जाई.

सोमवारी पहाटे छकडा जुंपला. तो दिवस वाटेतच गेला.

मंगळवारी पहिलं गाव. चावडीवर पाटील, कुलकर्णी आणि दहा-पंधरा कुणबी जमले. साहेब बोलला, कुलकर्ण्यानं प्रश्न विचारले, आणि बघता बघता वाद रंगला. मूर्ती, पुनर्जन्म, पाप कुणी लावलं आणि कुणी फेडायचं. लोकांना मजा वाटली. साहेबाचं मराठी व्याकरणाला धरून होतं, कुलकर्ण्याचं बोलणं पायाखालच्या मातीला धरून. कोण जिंकलं ते ज्यानं त्यानं आपापल्या परीनं ठरवलं. वहीत आकडा पडला.

बुधवारी दुसरं गाव, आणि तिथं बाजाराचा दिवस. पुस्तकं भराभर खपली. रात्री मास्तर त्याला महारवाड्यात घेऊन गेला. दिवसा तिथं कुणी भेटत नसे. वेसकरी, सरकारी ओझी, पाटलाचे निरोप, शेतावरचं काम, यांतून माणसं सुटत ती दिवेलागणीनंतरच. पण त्या रात्री सारा वाडा लोटला. साठ तरी माणसं असतील. मास्तरानं अभंगाच्या चालीवर एक गाणं म्हटलं, आणि साहेबानं मेंढीची गोष्ट सांगितली. एका धनगराची शंभर मेंढरं. एक हरवलं. नव्व्याण्णव रानात सोडून तो त्या एकाला शोधत गेला, सापडल्यावर खांद्यावर घेऊन आला. नगरकडच्या लोकांना मेंढरं समजावून द्यावी लागत नाहीत. माना डोलत होत्या. एका म्हाताऱ्यानं मधेच विचारलं, “आन् मागं ऱ्हायलेल्या मेंढरांस्नी लांडगा आला तर?” सगळे हसले, साहेबही हसला. इतकं मोकळं ऐकणारं माणूस त्याला या देशात प्रथमच भेटत होतं.

गोष्ट संपली तशी कुंपणाच्या बाहेरून आवाज आला. “बाबा, माज्या लेकाला येक कागुद लिवून द्या.”

मांगवाड्यातली म्हातारी होती. ती आत आली नव्हती, कारण तिला कुणी येऊ दिलं नसतं. हे आज वाचताना बोचतं, आणि बोचायलाच हवं. ज्यांना गावाच्या विहिरीवर मज्जाव, त्यांच्यातही पायऱ्या होत्या. महार मांगाच्या घरचं पाणी पीत नसे. मिशनमध्ये आलेल्यांमध्येही ही पायरी मोडता मोडत नसे, एका पंगतीला बसायची वेळ आली की कुरकुर होई.

महारवाड्यातल्या कुणीतरी म्हातारीला हाकललं. साहेब दमला होता, तो म्हणाला, “उद्या बघू, आई.” वहीत त्यानं त्या रात्रीचा आकडा लिहिला. उद्या रात्री पुन्हा या, असं आमंत्रण महारवाड्यानं आपण होऊन दिलं होतं.

गुरुवारी सकाळी साहेब उठला तर मास्तर राहुटीत नाही. तो गेला होता मांगवाड्यात. म्हातारीच्या अंगणात केकताडाचा वाख सुकत पडलेला. तिनं एका बाजूला जागा केली, गाडग्यातून पाणी दिलं. मास्तर ते प्याला आणि लिहायला बसला.

तिचा लेक बोरघाटात दगड फोडायला गेला होता. 1856 पासून तिथं रेल्वेचं काम चाललेलं. 25 बोगदे खणायचे, खोल दऱ्यांवर पूल टाकायचे. त्या 1861 सालात तर घाटात एका वेळी 40 हजारांवर माणूस राबत होतं. सुरुंग, कडे, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पटकी. मजूर तर मरतच होते. 1859 मध्ये नवा इंग्रज कंत्राटदार येतो न येतो तोच आजारानं गेला, आणि पुढचं काम त्याची बायको अॅलिस ट्रेडवेल हिनं माणसं लावून तडीस नेलं. गाडी घाट चढली 1863 मध्ये. किती घरांत निरोप पोचलेच नाहीत, याची मोजदाद कुणी केली असेल असं वाटत नाही. म्हातारीला एवढंच ठाऊक होतं की लेक खंडाळ्याच्या अंगाला आहे, आणि दोन पावसाळे झाले, तोंड दिसलेलं नाही.

मास्तर पाणी प्याल्याची बातमी तो परतायच्या आधीच महारवाड्यात पोचली. रात्री साहेब कंदील घेऊन गेला. अंगण झाडून ठेवलेलं होतं, पण माणूस एकही नाही. वाड्यातला कारभारी तेवढा दारात उभा. त्यानं जोहार केला आणि मास्तराकडे बघत म्हणाला, “मांगाच्या घरचं पानी प्यालास. आता तुला आमच्यात बसवावं कसं, तूच सांग.”

परतताना साहेबाला राहवेना. “साठ माणसं होती, मास्तर. एका कागदापायी गेली. तुम्हाला रीत ठाऊक होती. दोन दिवस थांबला असतात तर?”

मास्तर म्हणाला, “साहेब, मेंढीची गोष्ट काल तुम्हीच सांगितलीत.”

“ती दृष्टान्ताची गोष्ट.”

“त्या म्हातारीनंही ऐकली. कुंपणापलीकडं उभं राहून सबंध ऐकली, आणि मगच बोलली. आपण तिला म्हणालो उद्या बघू. तिच्या जागी मी असतो तर म्हटलं असतं, हे नुसतं सांगायचं आहे, करायचं नाही.” थोडं चालून तो पुढं म्हणाला, “साठांना राग आला तर येऊ दे. तो उतरतो. पण आज तिच्या हातचं पाणी टाळून मी उद्या त्यांच्यापुढं उभा राहिलो असतो, तर मला सांगायला काही उरलं नसतं.”

साहेबानं उत्तर दिलं नाही. राहुटीत येऊन त्यानं वही उघडली. श्रोत्यांच्या रकान्यात शून्य लिहिलं, आणि बराच वेळ दिवा मालवला नाही.

शुक्रवारी सकाळी म्हातारीचा निरोप आला: कागदात दोन गोष्टी घालायच्या राहिल्या. मास्तर उठू लागला. साहेब म्हणाला, “बसा. मी जातो.”

मांगवाड्यात गोरा माणूस आलेला पाहून पोरं लांब पळाली. म्हातारी मात्र घाबरली नाही. वाख बाजूला सारून तिनं घोंगडी टाकली. मग त्याच्याकडे रोखून बघत तिनं आधी विचारलं ते हे: “साहेब, कागुद लिवलास म्हंजी आता मला तुज्या धर्मात यावं लागंल का?”

इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण माझ्या लेखी सगळी गोष्ट याच प्रश्नासाठी आहे. मिशनच्या कामावर तेव्हापासून आजवर एक आक्षेप घेतला जातो, की मदत हे आमिष असतं. तो नुसता झटकून टाकण्यासारखा नाही. पुढं 1876 ते 78 च्या दुष्काळात हाच प्रश्न मिशनांच्या दारात येऊन उभा राहिला: पोटात अन्न नसलेला माणूस बाप्तिस्मा मागतो तेव्हा तो नेमकं काय मागत असतो? आणि हे काही एकट्या मिशनांचं नाही. जो कुणी गरिबाच्या दारात काही घेऊन जातो, मग तो सेवक असो, पुढारी असो की शिक्षक, त्याला गरीब माणूस हेच विचारतो. बहुतेक वेळा नुसत्या डोळ्यांनी विचारतो. म्हातारीनं तोंडानं विचारलं, एवढाच फरक.

साहेबाला उत्तर सुचायला वेळ लागला. तो साता समुद्रांपलीकडून आला होता तो माणसांनी आपल्या धर्मात यावं म्हणूनच. हे त्यानं कधी लपवलं नव्हतं आणि आताही लपवावंसं वाटेना. तो म्हणाला, “आई, तू यावंस असं मला फार वाटतं. पण या कागदासाठी नाही. कागद तुझा आहे. तू आमच्याकडे कधीच आली नाहीस तरी तो जाईल.”

म्हातारीनं ते नीट ऐकून घेतलं. “मंग लिव,” ती म्हणाली.

राहिलेल्या दोन गोष्टी अशा: शेळी व्याली, दोन करडं झाली, त्यातलं एक त्याच्या नावचं ठेवलंय. आणि घाटात पटकी आहे म्हणतात, तर पाणी बघून पी. साहेबानं दोन्ही लिहिल्या.

तेवढ्यात कुंपणापाशी एक तरुण येऊन उभा राहिला. महारवाड्यातला. बुधवारी रात्री अगदी पुढं बसलेला. त्याचा धाकटा भाऊही घाटातच होता, तोही खंडाळ्याकडेच. “साहेब, मलाबी येक कागुद पायजे.”

साहेबापाशी आता कोरा कागद नव्हता. बरोबर आणलेला सगळा छापील. पाव तोळा वजनाला अर्धा आणा हा 1854 पासूनचा टपालाचा दर, त्यामुळं जास्तीची जोड देणंही परवडणारं नव्हतं. म्हातारीच्या कागदाला खाली चार बोटं जागा उरली होती. साहेबानं ती दाखवली. “यात घालू?”

तरुण गप्प झाला. मांगाच्या कागदात आपल्या भावाचं नाव. त्यानं महारवाड्याकडे एकदा वळून पाहिलं. म्हातारी त्याच्यावरच डाफरली, “जागा माजी हाय. द्यायची का न्हाय ते मी ठरवीन. बोल, काय लिवायचं?” मग तो बोलला. सावकाश, एकेक शब्द तोलून. बाप बरा आहे. बहिणीचं लगीन वैशाखात. येताना एकटा येऊ नकोस, म्हातारीच्या लेकाबरोबर ये.

तो कुंपणाच्या आत आला नाही, आणि म्हातारीनंही त्याला पाणी विचारलं नाही. एवढ्यात सगळं बदललं असं मी लिहिणार नाही, कारण बदललेलं नव्हतं.

दुपारी छकडा नगरच्या वाटेला लागला. शनिवारी संध्याकाळी, पोचल्या पोचल्या, साहेबानं आधी टपाल कचेरी गाठली.

रविवारी उपासना झाल्यावर थोरल्या साहेबांनी वही मागितली. चावडी, बाजार, बुधवारची साठ माणसं, हे पाहून त्यांना बरं वाटलं. गुरुवारच्या शून्यापाशी त्यांचं बोट थांबलं. तरुणानं घडलं तसं सांगितलं, मास्तरावर रागावलो तेही सांगितलं. थोरले साहेब म्हणाले, “त्या मुलखात पुन्हा जाणं होईल ते पुढच्या हिवाळ्यात. आता तुला पारनेरकडे पाठवायचं ठरलंय.”

“पारनेरला जातो,” तो म्हणाला. “पण त्या कागदावर उलट उत्तरासाठी पत्ता मी इथलाच घातलाय, त्यांना दुसरा पत्ताच नाही. उत्तर आलं तर दोन घरांचं येईल. ते कुणीतरी नेऊन दोघांना वाचून दाखवायला हवं.”

“मास्तरांना पाठवू.”

“मास्तर येतीलच. पण वाचणार मी. शेळीच्या करडाचं काय झालं तेही मला त्या पोराला उलट लिहायचं आहे.”

थोरल्या साहेबांनी वही मिटली आणि पारनेरची तारीख एका आठवड्यानं पुढं ढकलली.