गुरूचे उतरणे

ज्ञान देणाऱ्याचे ऋण फिटत नाही, असे सर्व शास्त्रे एकमुखाने सांगतात. परंतु हे ऋण नेमके कशाचे, याचा विचार फारसा होत नाही. अक्षरे गिरविता येतात, ग्रंथ वाचता येतो, अर्थ पाठ करता येतो. एवढ्यापुरतेच गुरूचे देणे असते, तर ते वेतन देऊन फिटले असते. शिष्य जेथे उभा आहे तेथपर्यंत गुरू आपल्या उंचीवरून खाली येतो आणि त्याच्या हाताला धरून त्याच्याच पावलाने वर चढतो. ऋण आहे ते या उतरण्याचे.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या चरित्रात याचे दर्शन पानोपानी घडते. परावरविद्येचे निरूपण स्वामींनी लोकांच्या मराठीत केले. हत्ती आणि आंधळे यांच्यासारखे ऐकताच उमगणारे दृष्टांत त्यांनी योजिले. विद्येचा ताठा घेऊन वाद घालण्यास आलेले म्हाइंभट त्यांच्यापुढे नम्र झाले. ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा बाया-बापड्यांनाही त्याच मुखातून तेच ज्ञान लाभले. पंडितासाठी एक ज्ञान आणि अडाण्यासाठी दुसरे, असा भेद तेथे नव्हता.

स्वामींनी उत्तरापंथे गमन केले तेव्हा शिष्यपरिवार पोरका झाला. गुरूच्या शिकवणुकीची खरी कसोटी अशा वेळीच लागते. श्रीनागदेवाचार्य विरहाने व्याकुळ झाले, तरी पुढे त्यांनी मार्ग सांभाळला. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याकडून विचारून घेऊन लीळा गोळा केल्या. विद्वत्तेचा अभिमान बाळगणारा पुरुष सामान्य माणसांच्या दारी बसून त्यांच्या आठवणी उतरवून घेऊ लागला. स्वामींचे शिकविणे म्हाइंभटांत किती खोल रुजले होते, याला याहून वेगळे प्रमाण नको.

स्मृतिस्थळात आलेला प्रसंग साधकांस परिचित आहे. केशोबास संस्कृतात रचना करू इच्छित होते. आचार्यांनी त्यांस थांबविले, कारण त्या भाषेने मार्गातील म्हाताऱ्या वंचित झाल्या असत्या. आचार्यांच्या दृष्टीपुढे पंडितांची मान्यता नव्हती, शेवटच्या पंक्तीतील म्हातारी होती. गुरू जसा आपल्यापर्यंत उतरला, तसेच आपण दुसऱ्यापर्यंत उतरावे, ही शिकवण येथे आचारात आली.

हा गुरुधर्म एका मार्गाच्या सीमेत मावणारा नाही. धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात हिप्परगा नावाचे गाव आहे. निजामी राजवटीत तो मुलूख हैदराबाद संस्थानात मोडत होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. सरकारी शिक्षणावर त्याच भाषेचे वर्चस्व होते आणि खेड्यातील मराठी मुलास शाळेच्या दारातच परकेपणा वाटत असे. अशा काळात, १९२१ साली, हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा सुरू झाली. १९२९ साली तेथे व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक म्हणून आले. त्यांनी कामगार चळवळीत ना. म. जोशी यांच्यासमवेत कार्य केले होते. देहास पक्षाघाताचा आघात होऊन गेला होता. शहरातील कीर्तीचा मार्ग सोडून त्यांनी आडगावची शाळा पत्करली. हिप्परग्याच्या वास्तव्यातच त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले.

त्यांची परंपरा निराळी होती, परंतु आचरण त्याच गुरुधर्माचे होते. शिक्षक मुलांत राहिला. त्याचे बोलणे आणि वागणे एकच आहे, हे मुलांनी रोज डोळ्यांनी पाहिले. पुढे स्वामीजी अंबाजोगाईस गेले. १९३८ साली स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला, त्यात त्यांना कारावास घडला. १९४७ च्या ऑगस्टमध्ये भारतात विलीन होण्याची मागणी करीत ते पुन्हा बंदिवान झाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. त्या लढ्यात हिप्परग्याच्या शाळेत घडलेली माणसेही उभी राहिली. फळ्यावरचे धडे कधीच पुसले गेले होते; गुरुजींकडे पाहून शिकलेले निर्भयपण तेवढे उरले होते. २२ जानेवारी १९७२ रोजी स्वामीजींचे देहावसान झाले. १९९४ साली नांदेड येथे स्थापन झालेल्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे, पण त्या नावाचे मूळ एका खेड्यातील शाळेच्या ओट्यावर आहे.

आजही प्रश्न तोच आहे. धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या तांड्यावरील मूल घरी गोरमाटी बोलते आणि शाळेत येऊन मराठी पुस्तक उघडते. ते गप्प बसले की त्यास मंद म्हणणे सोपे; त्याचा एक शब्द आधी आपण शिकणे कठीण. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तके मुलांच्या मातृभाषेत आणली. २०२० साली त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला, तेव्हा त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. उतरण्याची सवय लागलेल्यास वाटून देणे जड जात नाही.

परंतु बहुतेक शिक्षकांच्या वाट्यास पुरस्कार येत नाही, नावही उरत नाही. कोणी एकदा पाटीवरची चूक न रागावता पुसली, कोणी फीचे पैसे मुकाट्याने भरले, कोणी शाळा सोडलेल्या मुलीच्या बापाची समजूत घालण्यास दोन कोस चालत गेले. शिष्यास त्याचे मोल कित्येकदा केस पिकल्यावर कळते, आणि तोवर गुरुजी निघून गेलेले असतात. अशा शिष्याने खंत करीत बसू नये. गुरुजींस ऋण परत घ्यावयाचे नव्हतेच.

५ सप्टेंबरला हार घालणे उचित आहे. मात्र हार सायंकाळी सुकतो. म्हाइंभटांनी कृतज्ञता पायी चालून व्यक्त केली, नागदेवाचार्यांनी म्हाताऱ्यांची भाषा राखून व्यक्त केली. साधकानेही आपल्या घरी, आपल्या गावी, न समजल्यामुळे गप्प बसलेले एक तरी माणूस शोधावे आणि त्याच्या पायरीपर्यंत उतरावे. गुरूने दिलेले तेथेच पुढे चालू राहते.

दंडवत प्रणाम.