विश्वास गेला पानिपतात!

मराठी माणसाला ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असं म्हणून पाहा. ‘विश्वास? तो पानिपतातच गेला!’ हे उत्तर हमखास मिळेल. १४ जानेवारी १७६१ रोजी नानासाहेब पेशव्यांचा मुलगा विश्वासराव रणात पडला आणि आम्हाला उसने पैसे नाकारायची कायमची सोय झाली.

‘अविश्वास’ हा शब्द मात्र आपण बोलताना सहसा वापरत नाही. तो लोकसभेसाठी राखीव आहे. तिथला पहिला अविश्वासाचा ठराव आचार्य कृपलानींनी १९६३ साली नेहरू सरकारवर आणला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला. घरात ठराव मांडत नाहीत. तिथे आमची ही नुसतं ‘अस्सं?’ म्हणते आणि ठराव एकमताने पास होतो.

आमच्या बँकेचा धंदा विश्वासाचा, रचना सगळी अविश्वासाची. तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासायची. काउंटरवरचं पेनसुद्धा दोरीने बांधलेलं. पण यात कुणी अपमान मानत नाही, कारण हा अविश्वास सगळ्यांवर सारखा असतो. पेनवर जरा जास्त, इतकंच.

मनातल्या अविश्वासाचं तसं नसतं. तो लगेच माणूस निवडतो.

एका संध्याकाळी माझ्या कॅशमध्ये पाचशे रुपये कमी आले. खिशातून भरले, कुणाला काही बोललो नाही. पण दुपारी आमचा शिपाई माझ्या मागून दोनदा गेला होता, हे लख्ख आठवलं. त्याच्या मुलाची फी, त्याचा नवा मोबाइल... रात्री अकरापर्यंत सगळं टॅली झालं! मॅनेजरसाहेबही दोनदा गेले होते; ते मात्र आठवलं नाही. संशयालाही पगारपत्रक पाठ असतं.

सकाळी पेन्शनवाल्या आजी आल्या. ‘काल एक नोट जास्त दिलीस रे बाळा. इथे मोजलं तर तुला वाईट वाटेल, म्हणून मी घरी जाऊन मोजते.’

तेवढ्यात शिपायाने चहा ठेवला. ‘साहेब, काल चेहरा उतरला होता तुमचा. साखर जास्त घातलीय.’

वहीत चूक झाली तर उलट नोंद करून ती फिरवता येते. शिपायाच्या नावे टाकलेले पाचशे कसे फिरवू? त्याला व्हाउचरच नव्हतं. माफी मागायची, तर आधी आरोप सांगायला हवा.

चहाचा पाक झाला होता. निमूट प्यायलो.