आराखडा आणि संमति

स्थापत्याच्या महाविद्यालयांतून अलीकडे विद्यार्थ्यांस एक काम पुष्कळदां नेमून दिलें जातें: शंभर-दीडशें कुटुंबांची एक वसाहत अशी आंखावी, कीं तिचें पाणी, तिचें इंधन व तिची जमीन पिढ्यान्‌पिढ्या पुरी पडावी. मुलें उत्साहानें कामास लागतात. छपरावरील पाणी हौदांत जातें, सांडपाणी केळीच्या आळ्यांत मुरतें, शेणाचा वायु चुलीस मिळतो, आणि पाहतां पाहतां कागदावर एक नंदनवन उभें राहतें. हा उपक्रम स्तुत्य आहे यांत शंका नाहीं. परंतु त्याच्या पोटांत नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे. जेथें आपणांस राहावयाचें नाहीं तेथें इतरांनीं कसें राहावें, हें ठरविण्याचा अधिकार आंखणारास कोठून येतो?

प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाहीं. संयुक्त राष्ट्रांनीं नेमलेल्या ब्रुंटलंड आयोगानें १९८७ सालीं टिकाऊ विकासाची जी व्याख्या केली तिचा आशय असा, कीं आजच्या पिढीनें आपल्या गरजा अशा भागवाव्या कीं पुढील पिढ्यांस त्यांच्या गरजा भागवितां येणें अशक्य होऊं नये. याचा सरळ अर्थ, घेतां येत असूनही कोणीतरी कांहीं घ्यावयाचें नाहीं. भिंत, टांकी, झाड हीं कागदावर आंखतां येतात. हें न घेणें आंखतां येत नाहीं. तें ज्याचें त्यानें पत्करावें लागतें.

इजिप्तमध्यें लक्सरजवळ प्राचीन थडग्यांच्या परिसरांत वसलेलें गुर्ना हें गांव हलविण्याचें तेथील सरकारनें ठरविलें, आणि १९४५ सालीं हसन फाथी या स्थपतीकडे नव्या गांवाचें काम सोंपविलें. फाथीनें तेथल्याच मातीच्या विटा घेतल्या, जाड भिंती व घुमट उभारले. घरें सुंदर, अल्पखर्ची व त्या उन्हांतही थंड अशीं झालीं. तथापि बहुतेक ग्रामस्थ तेथें राहावयास गेले नाहींत. त्यांचा चरितार्थ जुन्या जागेशीं जखडलेला होता, व ती सोडण्याचा निर्णय त्यांचा नव्हता. मातींत वा कलेंत कांहीं उणें नव्हतें. उणी होती ती संमति.

याच्या उलट उदाहरण आमच्या घरचें आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें अवर्षणानें गांजलेलें गांव. १९८९ सालीं पोपटराव पवार तेथें सरपंच म्हणून निवडून आले. डोंगरउतारावर चर खणले गेले, बांध पडले, पाणी जमिनींत मुरूं लागलें. इतकें कोणताही हुशार विद्यार्थी आंखूं शकेल. परंतु मुरलेलें पाणी ज्याच्या हातीं पैसा त्यानें खोल भोंक पाडून उपसलें असतें, तर चर व्यर्थ गेले असते. गांवानें शेतीसाठीं विंधनविहिरी वर्ज्य केल्या, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. तेथें पावसाच्या मानानें पाण्याचा वार्षिक जमाखर्च ग्रामसभेपुढें मांडला जातो, आणि त्यावरून कोणतीं पिकें घ्यावयाचीं हें ठरतें. गांव तारलें तें चरांनीं आणि या निर्बंधांनीं मिळून. पैकीं निर्बंध बाहेरच्या कोणास आंखून देतां आले नसते.

येथें कोणी म्हणेल, संमति हीच जर कसोटी, तर एखाद्या गांवानें एकमतानें आपली विहीर कोरडी करावयाचें ठरविल्यास तेंही न्याय्यच कीं! आक्षेप खरा आहे, आणि त्याला बगल देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. जे जन्मास यावयाचे आहेत ते ग्रामसभेस हजर नसतात. त्यांच्या वतीनें कोणीतरी बोलावें लागतें. आमच्या मतें आंखणाराचा अधिकार येथेंच उगम पावतो, आणि त्याची मर्यादाही हीच. तो अनुपस्थितांचा वकील आहे, न्यायाधीश नव्हे. त्यानें बाजू मांडावी, हिशेब दाखवावा, आर्जव करावें. निकाल मात्र राहणारांनीं द्यावयाचा.

वकिलानें पक्षकारांत आणि पंचांत वावरलें पाहिजे. अमेरिकेंतील ऑबर्न विद्यापीठाच्या सॅम्युएल मॉकबी व डी. के. रूथ या अध्यापकांनीं १९९३ सालीं 'रूरल स्टुडिओ' नांवाची शाखा काढली. तिचे विद्यार्थी अलाबामांतील हेल या दरिद्री परगण्यांत जाऊन राहतात, कुटुंबांशीं बोलतात व स्वतःच्या हातांनीं घरें बांधतात. त्यांचें पहिलें घर एका वृद्ध जोडप्यासाठीं १९९४ सालीं पुरें झालें. त्याच्या भिंती गवताच्या गठ्ठ्यांच्या, वर गिलावा, आणि पुढें प्रशस्त ओसरी. ज्याच्यासाठीं बांधावयाचें त्याच्या दारीं बसण्याचा हा धडा आम्हांस त्या घराइतकाच मोलाचा वाटतो.

आम्हां शिक्षकांस यांतून एक गोष्ट सहज करण्याजोगी आहे. परक्या गांवाचा आराखडा मागण्यापूर्वीं विद्यार्थ्यांस त्यांच्याच वसतिगृहाच्या पाण्याचा जमाखर्च मांडावयास सांगावें, आणि त्यावरून निघणारे निर्बंध तेथें राहणाऱ्या सर्वांकडून मान्य करून घ्यावयास लावावें. हिशेब चार दिवसांत होईल. स्नानाची एक बादली कमी करावयास शंभर सोबत्यांचा होकार मिळविण्यास कदाचित् वर्ष लागेल. त्या वर्षांत जें शिकावयास मिळेल, तें कोणत्याही नकाशांत सांपडणार नाहीं.