चारा दिला, जागा कोण देणार?

॥ राम कृष्ण हरी ॥

माउलींनो, वांकिडीच्या सत्संगात महाराज जे बोलले ते ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी देत आहोत. घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवावे.

नाथांची गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड, आणि वाटेत वाळूत तडफडणारं गाढव. नाथांनी ती गंगा त्याच्याच तोंडात ओतली. नामदेवरायांचीही पाठ आहे, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले ते. या ऐकताना आपले डोळे भरतात. बरं वाटतं. पण आज मी तिसरी सांगणार आहे, ती जरा जड जाते.

पांडव शेवटच्या प्रवासाला निघाले. वाटेत द्रौपदी पडली, मग एकेक करून चारही भाऊ पडले. उरला धर्मराज, आणि हस्तिनापुरापासून मागे मागे आलेलं एक कुत्रं. इंद्र रथ घेऊन आला. म्हणाला, चल, बैस. धर्मराज म्हणाला, हेही येईल. इंद्र म्हणाला, स्वर्गात कुत्र्याला जागा नाही. बायको सोडलीस, भाऊ सोडलेस, मग याचंच काय घेऊन बसलास? धर्मराज म्हणाला, ते गेले होते, त्यांना मी जिवंत करू शकत नव्हतो. हे जिवंत आहे आणि माझ्या आश्रयाला आलेलं आहे.

आता नीट ऐका हं. धर्मराजानं इंद्राकडे कुत्र्यासाठी भाकरी मागितली नाही. पाणी मागितलं नाही. जागा मागितली. पाणी पाजून माणूस आपल्या वाटेनं जाऊ शकतो. जागा दिली की ते जनावर उद्याही तिथंच असतं, परवाही असतं, रात्री ओरडतंही.

आपली काही पोरं दोनेक वर्षं जखमी जनावरं उचलतात, तुम्हाला ठाऊक आहेच. आसिफाबादहून राजुऱ्याकडे जाणारा रस्ता, रात्रभर ट्रक. कधी वासरू, कधी कुत्रं, कधी म्हातारा झाला म्हणून सोडून दिलेला बैल. आपण ग्रुपवर हात जोडतो, कडबा पाठवतो. आणि ही पोरं तीनदा उठली! आधी एकाच्या घरामागचं अंगण होतं, शेजाऱ्यांची झोप मोडली. मग मोकळा प्लॉट मिळाला, तो मालकानं विकला. मग शेतातला गोठा, तर कापूस ठेवायला जागा हवी म्हणून तोही रिकामा करावा लागला. उठवणारे वाईट लोक नव्हते बरं का. त्यातले दोघं इथं समोर बसलेत, आणि दोघांनीही चारा पाठवलेला आहे. (सगळे हसले.)

हे आजचं नाही. मुंबईत 1832 साली सरकारनं रस्त्यावरची कुत्री मारायला काढली, तेव्हा पारशी लोक चिडून रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली. तो राग एक-दोन दिवसांचा होता. पण पुढं 1834 मध्ये जमशेदजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांनी भुलेश्वरला पांजरपोळ उभी केली. रागावणारे पुष्कळ होते, जागा करून देणारे थोडे. ती पांजरपोळ अजून आहे. आपल्या जवळचं म्हणाल तर गडचिरोलीतलं हेमलकसा. लोकबिरादरी प्रकल्प 1973 मध्ये माणसांच्या सेवेसाठी सुरू झाला. मग प्रकाशभाऊ आमट्यांकडे आई मेलेलं माकडाचं पिल्लू आलं, मग आणखी प्राणी येत गेले. पायाखाली जमीन होती, म्हणून ते टिकलं. (जंगलातलं जनावर मात्र आपण घरी ठेवायचं नाही. 1972 चा कायदा आहे, वनखात्याला कळवायचं.)

आपल्याकडे अडचण आणखी एक आहे. या भागातली पुष्कळ गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथं 1970 पासूनच्या नियमानं कुणाचीही जमीन बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाही, विकत नाही, भाड्यानंही नाही. आणि ते योग्यच आहे. जोडेघाटला कुमराम भीम कशासाठी लढले? जल, जंगल, जमीन. आपल्या जिल्ह्याला 2016 मध्ये त्यांचं नाव मिळालं, ते काय फक्त पाटीवर लिहायला? तेव्हा गाईच्या नावानंसुद्धा त्या नियमातून पळवाट काढायची नाही. कुणी प्रेमानं म्हटलं, घ्या हो तो तुकडा, तरी आधी तहसील कार्यालयात विचारायचं.

पोरांनीही दोन गोष्टी ऐकाव्यात. शेजाऱ्याची तक्रार म्हणजे पाप नव्हे. त्याच्या घरात लहान लेकरू आहे, त्याला पिसाळलेल्या कुत्र्याची भीती वाटणारच. लस टोचल्याचा कागद त्याला दाखवा. आणि बरं झालेलं कुत्रं त्याच्या मूळ गल्लीत परत सोडा. नसबंदी करून, लस देऊन जिथून आणलं तिथंच सोडायचं, असं 2023 चे नियमही सांगतात. कायमची जागा आंधळ्याला, लंगड्याला, म्हाताऱ्या बैलाला. सगळंच ठेवत गेलात तर कितीही एकर असू द्या, वर्षात भरतील, आणि चौथ्यांदा उठाल.

येत्या एकादशीला हरिपाठ झाल्यावर पोरं मंदिराच्या ओट्यावर बसणार आहेत. त्या दिवशी चारा आणू नका. ज्याच्याकडे वस्तीपासून जरा लांब, बोअरचं पाणी असलेला, गाडी जाईल असा तुकडा पडून असेल, त्यानं पट्टादार पासबुक घेऊन यावं. दान मागत नाही. पाच वर्षांचा करार, नोंदणी केलेला, मालकी तुमचीच. ज्याच्याकडे जमीन नाही त्यानं दरमहा किती देणार ते सांगावं, तारकुंपण आणि पाण्याची टाकी त्यातून होईल. आणि त्या तुकड्याचे जे शेजारी असतील त्यांना आधी विचारायला मी स्वतः येईन.

॥ राम कृष्ण हरी ॥