आश्रयाची किंमत

निराधार मुलींसाठी चालविलेल्या संस्थेचा वार्षिक समारंभ मला शेवटपर्यंत बसून पाहवत नाही. गाणी होतात, अहवाल वाचला जातो, आणि मग चौदा-पंधरा वर्षांच्या एका मुलीला पुढे उभे करतात. बाप दारूत गेला, मामाने लग्न ठरविले होते, हे सारे ती पाठ केलेल्या आवाजात सांगते. श्रोत्यांचे डोळे पाणावतात, देणग्यांचे आकडे जाहीर होतात. संस्था खोटी नसते. त्याच पैशांतून तिची फी भरली जाते. तरीही मनात येते, की 'मी नाही बोलणार' असे ती म्हणाली असती तर?

आश्रय देणाऱ्याने आश्रिताकडून काय मागावे, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथे येणारी विधवा म्हणजे पुष्कळदा कोवळी पोरच. पैसा अमेरिकेतून येई, रमाबाई स्वतः ख्रिस्ती. पण सदनात धर्मोपदेश करायचा नाही, असे ठरलेले होते. रमाबाई प्रार्थनेस बसत तेव्हा त्यांच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली आत येऊन बसत. त्यावरून काहूर उठले. १८९३ साली रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले; पालकांनी अनेक मुली काढून नेल्या.

उघडे दार हाही एक उपदेशच, असे कोणी म्हणेल. ते बंद करायला लावणे ही सक्ती, असे दुसरा म्हणेल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. जिच्या अंथरूण-पांघरुणाची सोय आपल्या हाती, तिने आपल्या शेजारी येऊन बसणे निव्वळ स्वेच्छेचे असते, असे मला म्हणवत नाही. पण ज्यांना घरी नेले, त्यांना तरी कोणाच्या इच्छेने नेले? त्या वादात दोन्हीकडची मोठी माणसे आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत. मुली मात्र एक संख्या होऊन राहिल्या.

याच शारदासदनातल्या एका विधवेशी कर्व्यांनी १८९३ मध्येच लग्न केले. पण १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढल्यावर तेथून त्यांनी पुनर्विवाहाचा पुरस्कार केला नाही. केला असता तर लोकांनी ना मुली पाठविल्या असत्या, ना वर्गणी दिली असती. याला तडजोड म्हणा. मी दोष देणार नाही. आधी डोक्यावर छप्पर हवे. मात्र देणगीदाराचा संकोच अखेर मुलीच्याच खात्यावर मांडला जातो.

आज कायदा पुढे गेला आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने बालकाचे म्हणणे ऐकून घ्यावे, हे तत्त्व मानले आहे. पण ज्या हाताने पानात वाढले त्याला 'नाही' म्हणणे कोणत्याही कलमाने सोपे होत नाही.

म्हणून १८६३ सालची जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांची रीत मला फार विचार करायला लावते. अडलेल्या विधवांसाठी त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि तशा जाहिराती लावल्या. गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे; मूल बरोबर न्यावे की तेथेच ठेवावे, हे ज्या त्या बाईने आपल्या मर्जीने ठरवावे. ठरविणाऱ्यांपैकी कित्येकजणी अजून स्वतःच वाढत्या वयाच्या असतील.